८२ टनांचा ट्रान्सफॉर्मर गावात न्यायचाय: शेवटच्या चौदा किलोमीटरचं काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: "नेर तालुक्यात आमच्या गावाजवळ सौर प्रकल्पाचं उपकेंद्र होत आहे. त्याचा ८२ टनांचा ट्रान्सफॉर्मर बडोद्याहून येणार आहे. अमरावती–यवतमाळ रस्त्यापासून साइटपर्यंतचे चौदा किलोमीटर मोकळे करून द्यायचं काम मला मिळतंय. माझ्याकडे दोन जेसीबी आणि चार टिप्पर आहेत. कंपनी एकरकमी भाव मागते आहे. काम घ्यावं का? भाव कसा काढावा? आणि गावकऱ्यांना काय सांगावं?"

काम घ्या. एकरकमी भाव मात्र देऊ नका, आणि रस्ता पायी चालल्याशिवाय कुठलाच आकडा तोंडातून काढू नका. मी तेवीस वर्षं अवजड माल वाहण्याच्या धंद्यात आहे. आधी पुलरवर (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीवर) क्लीनर होतो, मग पुढे वाट दाखवणारी पायलट गाडी चालवली, आता सर्व्हे करतो. कोराडी, मौदा, तिरोडा, चंद्रपूर या सगळ्या वीज केंद्रांचा माल विदर्भाच्या रस्त्यांवरून जाताना पाहिलाय. बडोद्यापासून धुळे, अकोला, अमरावतीपर्यंत हजार भानगडी असतात, पण त्या माहितीतल्या असतात. त्या रस्त्याने असा माल रोज जातो. गाडी अडकते ती गावच्या फाट्यावरून आत वळल्यावर. आणि तो भाग तुमच्या गळ्यात येतोय.

आधी मालाचं ड्रॉइंग मागून घ्या. ८२ टन हा आकडा तेलाविना आहे का, ते विचारा. ट्रान्सफॉर्मर नेताना तेल काढून आत नायट्रोजन किंवा कोरडी हवा भरतात, बुशिंग (तारा जोडायचे वरचे चिनी मातीसारखे खांब) आणि वरची टाकी वेगळी येते, त्यामुळे नुसत्या टाकीचं वजन आणि उंची ड्रॉइंगवर वेगळी लिहिलेली असते. वजनाचा मध्य कुठे आहे तेही त्यात दाखवलेलं असतं. तो बरोबर मधोमध नसतो. ट्रेलरवर टाकी मागे-पुढे सरकवून बसवतात ती त्यासाठीच. एकदा बसली की गावात तुम्ही काहीही बदलू शकत नाही, म्हणून उंची आणि रुंदी ट्रेलरवर ठेवल्यानंतरची घ्या, जमिनीवरची नको.

आता गाडी समजून घ्या, म्हणजे रस्ता कसा बघायचा ते कळेल. एवढा माल हायड्रॉलिक ट्रेलरवर येईल. तुमच्यासाठी चाकांच्या दहा आडव्या रांगा धरू. एका रांगेत आठ टायर, दोन रांगांत दीड मीटर अंतर, रुंदी तीन मीटरच्या आसपास. प्रत्येक रांगेचं स्वतःचं वजन साधारण चार टन. म्हणजे ८२ अधिक ४० असे १२२ टन दहा रांगांवर, एका रांगेवर १२.२ टन, एका टायरवर दीड टन. नियमाने अशा ट्रेलरला एका रांगेवर १८ टनांपर्यंत चालतं, तेव्हा त्या बाजूने आपण आरामात आहोत. उलट तुमच्या टिप्परचा हिशोब करा. मागच्या एका ॲक्सलवर चार टायर आणि कायद्याने ११.५ टन, म्हणजे टायरमागे जवळजवळ २.९ टन. मुरूम चढवून भरला की किती होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. डांबराला आमच्या ट्रेलरपेक्षा तुमचा टिप्पर जास्त जड पडतो. हे गावच्या लोकांना पटत नाही, इंजिनिअर लोकांनाही पटकन पटत नाही, पण तसंच आहे.

मोरी आणि पूल यांना मात्र टायर दिसत नाही, त्यांना बेरीज दिसते. सहा मीटर गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) छोट्या पुलावर एका वेळी चार रांगा उभ्या राहतात, म्हणजे ४९ टन. जुने पूल ज्या 'क्लास ए' भाराला (पुलाच्या हिशोबासाठी ठरवलेल्या नमुना गाडीला) धरून बांधले, त्यात सर्वांत जड ॲक्सल ११.४ टनांचा. तसे दोन ॲक्सल आणि मागचा ६.८ टनांचा एक, एवढंच त्या सहा मीटरात मावतं, म्हणजे तीस टनांच्या आत. पूल दोन गाड्यांच्या रुंदीचा असेल तर अशा दोन गाड्या शेजारी-शेजारी धरलेल्या असतात, म्हणजे साठच्या आसपास. म्हणून परवानगीच्या कागदावर लिहिलेलं असतं की पुलावर ही एकटीच गाडी असावी, मधोमध चालावी, ताशी पाच किलोमीटरच्या वर जाऊ नये. मधोमध चाललं की दोन्ही गाड्यांच्या वाट्याची ताकद एका गाडीला मिळते. पुलावर ब्रेक मारायचा नाही, गिअर बदलायचा नाही, हेही त्याचसाठी. हा माझा बोटावरचा हिशोब आहे. पूल पास करणं इंजिनिअरचं काम, ते त्यांनाच करू द्या आणि लेखी घ्या. पण कुठल्या पुलासाठी इंजिनिअरला बोलवायचं, एवढं या हिशोबाने कळतं. एकेरी, जुना, कठडे पडलेला, पाच-सहा मीटरचा पूल दिसला की थांबायचं.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्या काढणं वाहतूकदाराचं काम आहे. राष्ट्रीय महामार्गाची परवानगी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवरून निघते. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. आतले ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे. पंतप्रधान ग्राम सडक योजनेतला रस्ता असला तर त्याचं कार्यालय वेगळं. कालव्यावरचा पूल जलसंपदाचा, तारा महावितरणच्या. चौदा किलोमीटरात यातले चार धनी सहज निघतात. कुठला किलोमीटर कोणाचा, हे कागदावर मांडून वाहतूकदाराला द्या. ते त्याला नागपुरात बसून कळत नाही आणि त्याचे त्यावर दोन आठवडे जातात. विनापरवाना नेण्याचा सल्ला कोणी दिला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा दंड लक्षात ठेवा: जादा वजनाला २० हजार आणि वर टनामागे २ हजार, माल मापाबाहेर असल्याचे आणखी २० हजार. शिवाय माल उतरवायला लावतात. ८२ टन रस्त्याच्या कडेला कुठे उतरवणार?

आता चालायचं. दोन माणसं घ्या, त्यातला एक त्या रस्त्यावरच्या गावाचा असावा. सोबत तीस मीटरचा टेप, पंधरा मीटर दोरी, फायबरची उंची मोजायची काठी, हातोडी, फक्कीची (जमिनीवर रेषा आखायच्या पांढऱ्या पुडीची) पिशवी आणि वही. ॲल्युमिनिअमची काठी नको. मी एका पोराला ॲल्युमिनिअमच्या काठीने अकरा केव्हीची तार मोजायला निघालेला पाहिलाय. ओरडलो म्हणून वाचला. दोन दिवस लागतील. मोटारसायकलवरून केला तर अर्ध्या दिवसात होतो, पण तो सर्व्हे नव्हे.

दोरीचं काम सांगतो, हे कुठल्या कागदात नसतं. ट्रेलरची चाकं हायड्रॉलिकवर साधारण ३० सेंटिमीटर वर आणि ३० खाली जाऊ शकतात. दहा रांगा म्हणजे पंधरा मीटर. रपटा (नाल्यातूनच नेलेला बुटका रस्ता), मोरीचा उंचवटा, पांधणीचं (शेतवाटेचं) तोंड, कालव्याचा भराव, अशा प्रत्येक ठिकाणी दोन माणसांनी पंधरा मीटरवर उभं राहून दोरी जमिनीपासून बरोबर एक मीटरवर ताणून धरायची. तुम्ही मधे जाऊन दोरीपासून जमिनीपर्यंत मोजायचं. ७५ सेंटिमीटरपेक्षा कमी आलं तर उंचवटा फार आहे, १२५ पेक्षा जास्त आलं तर खड्डा फार आहे. दोन्ही बाबतीत मधल्या किंवा टोकाच्या रांगा हवेत लटकतात आणि बाकीच्यांवर त्यांचा भार येतो. १२.२ टनांच्या रांगेवर एकदम पंधरा-सोळा. रपट्यावर हे हमखास होतं, कारण दोन्हीकडून खाली उतार आणि मधे सपाट. तिथे मुरूम टाकून उतार लांबवायचा, एवढंच. पण किती टाकायचा ते दोरीशिवाय कळत नाही.

मोरीखाली उतरा. वरून सगळ्या मोऱ्या सारख्या दिसतात. नाल्यात बेशरम माजलेली असते, तिच्यात साप असतो, वास असतो, तरी उतरा. स्लॅबची मोरी असेल तर खालून वर बघा. प्लास्टर फुगून पडलंय का, सळ्या उघड्या आहेत का, गंजून त्यांच्या पापड्या निघतात का. हातोडीने ठोका. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक पहिल्या दोन मोऱ्यांतच कानाला कळायला लागतो. पाईपची मोरी असेल तर पाईपच्या माथ्यावर लांबट तडा आहे का बघा, आणि पाईपच्या वर रस्त्यापर्यंत माती किती आहे ते मोजा. दोन फुटांपेक्षा कमी असेल तर पाईपला भार थेट लागतो. दगडी मोरी असेल तर घाबरू नका. जुन्या कमानीच्या दगडी मोऱ्या पुष्कळदा गेल्या वीस वर्षांतल्या स्लॅबपेक्षा भक्कम असतात. मात्र कमानीचा एखादा दगड खाली सरकलेला दिसला तर ती वाट सोडा.

आर्वीकडे एकदा मी एका स्लॅबच्या मोरीला वरून बघून 'ठीक' लिहिलं होतं. बाजूला शेळ्या चारणारा म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "साहेब, त्या मोरीचं एका बाजूचं पाय गेल्या पुरात खचलं व्हतं. ठेकेदारानं वरतून डांबर मारलं अन् गेला." खाली उतरलो तर खरंच, एका बाजूची भिंत पायापासून अर्धा फूट सरकलेली. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक मोरीपुढे एक रकाना आहे: 'कोणाला विचारलं'.

कमकुवत मोरीवर लोक लोखंडी प्लेटा टाकतात आणि समजतात की मोरी मजबूत झाली. प्लेट भार पसरवते, मोरीची ताकद वाढवत नाही. मोरी वाचवायची तर तीन वाटा. खालून लाकडी स्लीपरचे टेकू रचून स्लॅबला चिकटवायचे, नाला कोरडा असेल तर हे स्वस्त पडतं. किंवा मोरीच्या दोन्ही बाजूंच्या पक्क्या जमिनीवर टेकतील असे लोखंडी गर्डर वरून टाकायचे, म्हणजे स्लॅबला भार लागतच नाही. किंवा बाजूने नाल्यातून पाईप टाकून मुरमाचा बायपास करायचा. तुमच्याकडे जेसीबी आणि टिप्पर आहेत, तेव्हा तिसरी वाट तुम्हाला सोयीची. ४० मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी ६० सेंटिमीटर जाड धरला तर १४४ घनमीटर, म्हणजे ५१ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दाबल्यावर बसतो म्हणून साठ-पासष्ट ब्रास धरा. मुरूम कुठून आणणार त्याची रॉयल्टीची पावती आधी काढा. तहसीलदाराने टिप्पर उभा केला तर ट्रेलर फाट्यावर उभा राहतो, आणि त्याचं हॉल्टिंग (उभं राहण्याचे पैसे) तुमच्या नावाने लागतं.

आता तारा. कागदावर अकरा केव्हीची तार रस्ता ओलांडताना ६.१ मीटरवर आणि लघुदाबाची ५.८ मीटरवर पाहिजे. तुमचा ट्रान्सफॉर्मर समजा ४.०५ मीटर उंच, ट्रेलर १.१५, म्हणजे ५.२ मीटर. ट्रेलर पूर्ण खाली बसवला तर ४.९. कागदावर सगळं पास. प्रत्यक्षात गावात खांब कललेले असतात, एका गाळ्यात तीन जोड असतात, आणि मे महिन्यात दुपारी दोनला तार सकाळी सातपेक्षा चांगली खाली लोंबते. म्हणून उंची दुपारी मोजा. काठी तारेला लावायची नाही. तार चालू आहे असं धरूनच लांबून मोजायचं, आणि नेमकं मोजायचं असेल तर लाईनमनला बोलवायचं.

बांबूने तार उचलून गाडी काढणं ही आपल्याकडची जुनी सवय. कडब्याची गाडी, कापसाची गाडी, डीजे, सगळं तसंच निघतं. ट्रान्सफॉर्मर तसा काढायचा नाही. हिरवा बांबू वीज वाहतो, पावसात भिजलेला वाळका बांबूही वाहतो, आणि ट्रेलरवर उभा असलेला माणूस लोखंडावर उभा असतो. महावितरणकडे लेखी अर्ज द्या, शटडाऊन घ्या, लाईनमनने परमिट हातात दिल्यावर आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग लावल्यावरच गाडी हलवा. कोणी सांगेल की शेतीचा फीडर आहे, या पाळीला बंदच असतो. पाळी बदलते. शिवाय कोणाच्या घरचं जनरेटर उलटं लाईनीत शिरतं. तार बंद आहे हे डोळ्यांनी दिसत नाही.

ट्रेलर खालीवर होतो हा मोठा फायदा आहे. पुलाचे कठडे किंवा कडेचे दगड आडवे आले तर डेक (ट्रेलरचा माल ठेवायचा सपाट भाग) वर उचलून माल त्यांच्यावरून नेता येतो. तार आली तर खाली बसवता येतो. खरी पंचाईत तिथे होते जिथे मोरीच्या कठड्यावरच तार आहे. वर उचलता येत नाही, खाली बसवता येत नाही. अशा जागा वहीत लाल पेनाने लिहा. चौदा किलोमीटरात एक तरी सापडेल.

आणि कमान. आपल्याकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत गावोगावी स्वागत कमानी झाल्या. कोणाच्या तरी स्मरणार्थ असते, वर फोटो असतो, दोन बाजूंना सिंह असतात. उंची साडेचार-पावणेपाच मीटर, कारण बांधताना कापसाचा ट्रक हिशोबात धरलेला असतो. तुमचा माल ४.९. कमान पाडायची गोष्ट चुकूनही काढू नका, नवी बांधून देतो म्हणूनही नको. बाजूच्या वावरातून वाट काढा. शेतकऱ्याशी बोलण्याआधी सातबारा बघा. वावर कसतो तो एक भाऊ आणि उताऱ्यावर नावं चार भावांची आणि दोन बहिणींची, हे नेहमीचं आहे. सगळ्यांच्या सह्या घ्या. उभ्या पिकाची, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) झाडांची आणि ठिबकच्या पाईपची भरपाई किती, मुरूम परत उचलून देणार की ठेवणार, हे स्टॅम्प पेपरवर लिहा. पुष्कळ शेतकरी मुरूम ठेवून घेतात, त्यांना गोठ्यापुढे हवाच असतो. पण काळ्या वावरात राहिलेला मुरूम पुढच्या वर्षी वखराला लागला की तोच माणूस तुमच्या दारात येतो.

वळणासाठी फक्की. एवढी गाडी पुलरसकट पंचवीस मीटरच्या आसपास जाते. ट्रेलरची चाकं वळतात, मागून माणूस वेगळं स्टिअरिंग करतो, तरी चौकात आतली बाजू लागतेच. वाहतूकदाराच्या माणसाला एकदा बोलवून चौकात फक्कीने चाकांची वाट आखून घ्या. त्या रेषेत कोणाचा ओटा येतो, कोणाची पाण्याची टाकी, नळयोजनेचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे जमिनीवर दिसलं की भांडण अर्धं होतं. झाडाच्या फांद्या छाटायच्या तर ग्रामपंचायतीला विचारून छाटा. अख्खं झाड तोडायला वेगळी परवानगी लागते, त्या वाटेला जाऊ नका. आणि मारुतीच्या पाराजवळचा पिंपळ असेल तर एक फांदीही पुजाऱ्याला विचारून.

सगळ्यांत जास्त मी ज्याला घाबरतो ती साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मातीची पट्टी. ग्रामीण रस्त्याचं डांबर पावणेचार मीटर. ट्रेलर तीन मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना एक-एक फुटाच्या थोडी वर जागा. तेवढ्यात चालक चुकला, किंवा समोरून आलेल्या ट्रॅक्टरला बाजू द्यायला गेला, की चाक काळ्या मातीवर.

२०१४ च्या मार्चमधली गोष्ट. त्या वर्षी गारपिटीने विदर्भ झोडपला होता, आठवत असेल. वर्धा जिल्ह्यात आतल्या रस्त्याने एक टाकी न्यायची होती, ५५ टनांची. गारा पडून चार दिवस झाले होते, ऊन पडलं होतं. साईडपट्टी वरून वाळलेली, तडे गेलेली, पाय दिला तर टणक. मी कंपनीच्या साहेबांना म्हटलं, आठ दिवस थांबू. त्यांना ३१ मार्चच्या आत साइटवर माल दाखवून बिल काढायचं होतं. मी फार ताणलं नाही, ही माझी चूक. तिसऱ्या किलोमीटरला डाव्या बाजूच्या तीन रांगा पापुद्र्यासारखी वरची माती फोडून आत गेल्या. काळ्या मातीचा वरचा चार बोटांचा थर वाळतो आणि खाली लोणी असतं. डेक डावीकडे कलला. टाकीवर बसवलेल्या धक्का मोजायच्या यंत्राचा दिवा लागला नाही, तेवढं नशीब. ऑपरेटरने डावीकडचे व्हॉल्व्ह बंद करून कल तिथेच धरला, आणि मग आम्ही एकतीस तास तिथे होतो.

हायड्रा (छोटी फिरती क्रेन) आणायला गेलो तर ती स्वतः रुतायला लागली. शेवटी शेजारच्या वावरातल्या काकांनी वाट दाखवली. "पऱ्हाट्या हायेत ना ढिगानं, त्याईच्यावर टाका तुमच्या पाट्या." उपटून रचलेल्या पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) मोळ्या आडव्या-उभ्या अंथरल्या, त्यांच्यावर सालाच्या लाकडाचे स्लीपर, त्यांच्यावर प्लेटा, त्यांच्यावर जॅक. एकेक रांग चार-चार इंच उचलली. पऱ्हाटी दबते पण चिखलात पसरत नाही. त्यानंतर मार्च-एप्रिलच्या प्रत्येक कामात मी दोन बंड्या (बैलगाड्या) पऱ्हाट्या आधी विकत घेऊन ठेवतो. जळणाच्या भावाने मिळतात.

तेव्हा तुमच्या चौदा किलोमीटरसाठी माझं मत: डांबराच्या दोन्ही बाजूंना मीटरभर साईडपट्टी खोदून मुरमाने भरून दाबायची, निदान वळणांवर आणि मोऱ्यांच्या तोंडाशी. सगळा रस्ता भरायला पैसे देणार नाहीत, पण एवढं मागाच. आणि एकदा गाडी आत शिरली की पूर्ण रस्ता बंद, ट्रॅक्टरसुद्धा नको.

वेळ कोणती? जून मध्यापासून दिवाळीपर्यंत काळ्या मातीत नावच काढू नका. सोयाबीन निघाल्यावर लोक रस्त्यावर वाळत घालतात, मग कापसाच्या गाड्या जिनिंगपुढे रांगा लावतात. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं, बंदोबस्ताला पोलीस मिळत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, त्या दिवशी सकाळी केंद्रापुढचा रस्ता बंद केला तर तुमचं काम तिथेच संपलं. मला एप्रिलचा पहिला पंधरवडा आवडतो. जमीन कोरडी, वावरं मोकळी, लग्नं अजून जोरात नसतात. आत गाडी सूर्य उगवल्यावर हलवायची, मावळायच्या आत जिथे असेल तिथे उभी. गावच्या रस्त्यावर मी रात्री गाडी हलवत नाही, कोणी कितीही सांगो.

वाटेत रेल्वे किती ठिकाणी आडवी येते तेही वाहतूकदाराला विचारून घ्या, म्हणजे तारीख कुठे सरकेल ते कळेल. विजेच्या मार्गावरच्या फाटकाला साधारण पावणेपाच मीटर उंचीची कमान असते. ४.९ चा माल नेताना रेल्वेची परवानगी आणि वरच्या तारेचा ब्लॉक (ठरावीक वेळ वीज बंद) लागतो. बडनेऱ्याची बाजू भुसावळ विभागात येते आणि ब्लॉकची तारीख ते देतील तीच. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाच्या कामामुळे दारव्ह्याच्या बाजूचे जुने रस्ते वळवलेत, कुठे खालून बोगदा आलाय. जुन्या सर्व्हेवर विसंबू नका, स्वतःचा दोन वर्षांपूर्वीचा असला तरी.

भाव. काम पाच तुकड्यांत मांडा. सर्व्हे आणि नकाशाचे ठरावीक पैसे, ते काम मिळो न मिळो घ्यायचे. मुरूम ब्रासवर, जेसीबी तासावर, मोरीचं काम मोरीगणिक. पिकाची आणि वाटेची भरपाई प्रत्यक्ष जेवढी जाईल तेवढी, पावतीवर. आणि थांबण्याचा दिवसाचा दर, ज्यात तुमची यंत्रं उभी राहतील, कारण गाडी ठरल्या तारखेला कधीच येत नाही. एकरकमी मागत असतील तर त्यांना ठाऊक आहे की आत काय निघेल ते कोणालाच माहीत नाही, आणि ते ओझं त्यांना तुमच्यावर टाकायचंय. नुसत्या साईडपट्टीच्या भरवशावर एकरकमी भाव देऊन टिप्पर विकावा लागलेला माणूस माझ्या ओळखीत आहे.

साइटवर उतरवणार कसं, हेही विचारा. जॅकवर उचलून स्लीपर-रुळांवरून सरकवणार असतील तर ठीक. मोठी क्रेन आणणार असतील तर ती क्रेन, तिचे काउंटरवेटचे (क्रेन उलटू नये म्हणून लावायच्या वजनांचे) ट्रेलर आणि नंतर तेलाचे टँकर याच चौदा किलोमीटरवरून येणार. मग मोरीखालचे टेकू ट्रान्सफॉर्मर गेल्याबरोबर काढायचे नाहीत, आणि तेवढ्या दिवसांचे पैसे धरायचे.

गावकऱ्यांना काय सांगायचं, हे विचारलंत ते चांगलं केलंत. सरपंचाला आणि पोलीस पाटलाला आधी भेटा, मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारीख आणि वीज बंद राहण्याची वेळ लिहा. एक तास जाणार असेल तर तीन लिहा. आजारी माणूस, बाळंतीण असलेली घरं कुठली ते आशाताईला विचारा, आणि रुग्णवाहिका अडली तर ती कुठल्या पांधणीने काढायची ते आधीच ठरवा. एसटीच्या आगाराला कळवा, मुक्कामी गाडी आत अडकायला नको. आणि पिठाच्या चक्कीवाल्याला दोन दिवस आधी जाऊन स्वतः सांगा. दळण अडलं की गावातल्या बाया कंपनीच्या साहेबाला ओळखत नाहीत, तुम्हाला ओळखतात.